अण्णांचे स्ट्राइक आणि डावा खांदा

पत्र असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

माझे वडील, अण्णा, 64 वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परतला, काठी घेऊन घरात फिरतात. डावा हात मात्र अजून जड आहे, बोटं मिटतात पण उघडायला वेळ लागतो. मी पुण्यात नोकरी करते, आईवडील गावी असतात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येतात, एका वेळचे 400 रुपये घेतात. कॅनडातला भाऊ दिवाळीत येताना त्याच्या मुलांचा जुना निन्टेंडो वी, म्हणजे हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, घेऊन आला. तेव्हापासून अण्णा शेजारच्या आठवीतल्या मुलाबरोबर रोज दोन-दोन तास टीव्हीवर बोलिंग खेळतात (चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या; सगळ्या एका चेंडूत पडल्या की स्ट्राइक). 70 चा स्कोअर 170 वर गेलाय. फिजिओ आले की मात्र ‘आज नको’. परवा म्हणाले, ‘त्या फिजिओच्या पोराला सांग येऊ नको, माझा व्यायाम टीव्हीवर होतो.’ भाऊ म्हणतो बरोबरच आहे, परदेशात असंच करतात, फिजिओ बंद करा. आई म्हणते, या वयात हा कसला पोरखेळ. मला अण्णांचा हात परत यायला हवाय. काय बंद करू, फिजिओ की खेळ?

ताई,

पत्र तुम्ही मन लावून लिहिलंय. सगळं आहे, फक्त एक गोष्ट राहिली. अण्णा रिमोट कोणत्या हातात धरतात?

70 चे 170 उजव्या हातानंही होतात, म्हणून विचारते. डावी बाजू गेलेला, पण उजवा हात शाबूत असलेला माणूस दोन-तीन महिन्यांत सगळं उजव्या हातानं उरकायला शिकतो. जेवण, दाढी, नाडी, मोबाइल, सगळं. डाव्या हाताला जेवढं येतं तेवढंही मग तो करेनासा होतो, कारण त्याला कोणी कामच सांगत नाही. रिमोट उजव्या हातात असेल तर अण्णांची करमणूक छान चालली आहे, ती चालू राहू द्या; पण डाव्या हाताचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता धरून चालू की रिमोट डाव्या हातातच आहे. तरी स्कोअरवरून हाताचं काही कळत नाही. या वी रिमोटच्या पोटात वेग किती बदलला, कल कुठे झाला एवढं ओळखणारा सेन्सर असतो. त्याला रिमोट कळतो, माणूस कळत नाही. खांदा उचलला, कंबर फिरवली की कोपर सरळ केलं, त्याला सगळं सारखंच. रिमोट पुढे आला आणि बोट बटणावरून सुटलं की चेंडू गेला! वी 2006 मध्ये आला तेव्हा लोकांनी आठवड्याभरात शोधून काढलं होतं की सोफ्यावर लोळून नुसता मनगटाला झटका दिला तरी टेनिस जिंकता येतं. धडधाकट माणसाचा आळस आणि आजारी माणसाची पळवाट, यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, तोंडावर पडून शिकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या थेरपीच्या क्लिनिकमध्ये मीही मोठ्या हौसेनं असंच एक यंत्र आणलं होतं. एक निवृत्त शिक्षक यायचे, त्यांचा उजवा हात गेलेला. सहा आठवड्यांत त्यांनी बोलिंगमध्ये 180 गाठले. आम्ही पेढे वाटले. त्यांच्या पत्नी पेढा हातात धरून म्हणाल्या, ‘मग घरी चहाचा कप का उचलत नाहीत हो?’ मी तो प्रश्न थट्टेवारी नेला. दुसऱ्या दिवशी मात्र टीव्हीकडे पाठ करून सरांच्या बाजूला उभी राहिले. खांदा पार कानाला भिडलेला. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर, आणि सरळ म्हणून होत नव्हतं. चेंडू सोडायचा तर अख्खं धड कमरेतून मागे न्यायचं आणि विहिरीतून घागर ओढावी तसा हिसका द्यायचा. हात धडाला बांधल्यासारखा मागोमाग जायचा. सहा आठवडे मी पडद्यावरचे आकडे लिहीत होते, आणि सर रोज शंभर वेळा चुकीची हालचाल पक्की करत होते.

म्हणून सुट्टीत गावी गेलात की एक करा. अण्णा खेळायला बसले की मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. एक समोरून, एक डाव्या बाजूनं. टीव्ही चौकटीत नको. मग आवाज बंद करून बघा. खांदा कानाकडे सरकतो का? पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली राहते, की प्रत्येक चेंडूला सुटते? कोपर कधीतरी सरळ होतं का? आणि बोटं. या खेळात बटण दाबून धरायचं, हात मागून पुढे आणायचा आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं असतं. ते ‘सोडणं’ पक्षाघाताच्या हाताला सर्वात अवघड जातं; मूठ मिटते, उघडत नाही. बोट वेळेआधी सुटलं तर पडद्यावर चेंडू मागच्या प्रेक्षकांत जाऊन पडतो आणि ते उड्या मारतात. अण्णांचा चेंडू आधी मागे जायचा आणि आता जात नसेल, तर ती मात्र हाताची खरी कमाई आहे. 170 पेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

आता भावाच्या ‘परदेशात असंच करतात’बद्दल. परदेशात हे करून बघितलंय हे खरं, आणि काय निघालं तेही छापून आलंय. 2016 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. चार देशांतले 141 रुग्ण, सगळ्यांना नुकताच पक्षाघात झालेला. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. त्याशिवाय निम्म्यांना वी दिला आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा जेंगा असले बैठे खेळ. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. शेवटी हात दोन्ही गटांचे सुधारले आणि सारखेच सुधारले. वीवाले पुढे गेले नाहीत, पत्तेवालेही नाहीत. पुढच्याच वर्षी वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 72 चाचण्या आणि 2,470 रुग्ण एकत्र धरून आढावा घेतला. त्यात दिसलं की नेहमीच्या थेरपीच्या जागी हे खेळ ठेवले तर हाताला जास्तीचा फायदा होत नाही; थेरपी चालू ठेवून वर खेळ दिले, म्हणजे हात चालवण्याचा एकूण वेळ वाढवला, तर होऊ शकतो.

‘काय बंद करू’ या तुमच्या प्रश्नातच मला अडचण दिसते. बंद काहीच करायचं नाही. दोन्ही एकमेकांच्या कामाला लावायची आहेत.

कारण खेळाकडे एक गोष्ट आहे आणि ती आमच्याकडे नाही: संख्या. 2009 मध्ये अमेरिका-कॅनडात संशोधकांनी थेरपीच्या सत्रांत नुसतं बसून मोजलं की रुग्ण हातानं कामाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी निघाली 32. मेंदूनं नवी वाट पाडायची तर हे फारच थोडं. बोलिंगचा एक डाव दहा फ्रेमचा, म्हणजे दहा फेऱ्यांचा, म्हणजे फार तर 21 चेंडू. दोन डाव झाले की अण्णांनी तेवढी सरासरी गाठली, आणि ‘अजून एक’ म्हणत तिसराही लावला. मी ‘अजून एकदा हात वर’ म्हटल्यावर आजवर कोणी आनंदानं केलेलं मला आठवत नाही.

इथं अण्णांच्या ‘आज नको’कडे जरा थांबून बघू या. तुम्ही तो हट्ट मानता. मला त्यात वेगळं काहीतरी दिसतं. ज्या माणसानं आयुष्यभर घाटातून पन्नास-पन्नास माणसं खाली उतरवली, त्याला पंचविशीतला मुलगा म्हणतो, ‘काका, हात वर, अजून थोडा, शाब्बास!’ हे शाब्बास गोड असतं, पण ते लहान मुलाला देतात तसं असतं, आणि ते त्याला कळतं. शेजारचा आठवीतला मुलगा शाब्बास म्हणत नाही. तो हरला की चिडतो, आणि अण्णांना नेमकं तेच हवंय. आठ महिन्यांत त्यांच्यावर चिडणारा हा पहिला माणूस असेल. बाकी सगळे कीव करतायत.

म्हणून फिजिओंना घालवू नका, त्यांनाच टीव्हीसमोर बसवा. फोन करून स्पष्ट सांगा: अण्णा हे खेळतात, तुम्ही एकदा बघा, आणि काय सुधारायचं ते त्यांना नाही, आधी मला सांगा. चांगला फिजिओ यावर खूश होईल. पहिली वीस मिनिटं तो हात मोकळा करेल, खांद्याचं पातं हलवेल, बोटांतला ताठरपणा कमी करेल आणि मग म्हणेल, चला, आता माझ्याबरोबर एक डाव. नाक मुरडणारा निघाला, किंवा आठ महिने तेच दहा व्यायाम त्याच क्रमानं देणारा असेल, तर ‘आज नको’मधला काही दोष त्याच्याकडेही जातो. पैशांची ओढाताण असेल तर तीनचे दोन दिवस करा, पण शून्य करू नका. ताठरपणा वाढतोय, खांदा सांध्यातून उतरतोय, हे बोलिंग खेळणाऱ्या मुलाला कळणार नाही.

खांद्याचं मात्र मी जरा कडक सांगते. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनानं सांधा खाली ओढला जातो. अशा खांद्यानं दोन तास झटके मारायचे म्हणजे दुखणं घरी बोलावणं. 2007 मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरानं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहून स्वतःचीच कथा सांगितली होती. काही तास वीवर टेनिस खेळले आणि दुसऱ्या दिवशी खांदा इतका धरला की त्यांनी त्या दुखण्याचं नावच ‘वी-आयटिस’ ठेवलं (दाहाच्या आजारांच्या नावात शेवटी ‘आयटिस’ येतं). ते तर धडधाकट होते. अण्णांचे दोन तास सलग नकोत. पंधरा-वीस मिनिटं सकाळी, तेवढीच दुपारी आणि संध्याकाळी. थकलेला हात पळवाट शोधतो, म्हणून स्कोअर चढता असतानाच थांबवायचं. हे अण्णांना पटवणं अवघड आहे, मला माहीत आहे. शेजारच्या मुलाला विश्वासात घ्या. ‘आता मला क्लास आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी जास्त चालतं. हात खांद्याच्या वर नेणारे खेळ फिजिओंनी बघेपर्यंत नकोत. आणि खांदा दुखतोय म्हणाले तर ‘थोडं दुखणारच’ म्हणू नका.

बाकी काळजी साध्या आहेत. हातांची, जड, चाकं नसलेली खुर्ची. खाली चटई किंवा सतरंजी नको, पायात सपाता नकोत. उभं राहून खेळायचं तर मागे भिंत आणि डाव्या बाजूला मोठं माणूस हवं. आठवीतला मुलगा अण्णांना सावरू शकणार नाही. रिमोटची दोरी मनगटात घालाच. सुरुवातीला लोकांच्या हातून रिमोट निसटून टीव्हीवर आदळले, तेव्हा कंपनीला जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या. अण्णांची पकड सुटत असेल तर क्रेप बँडेजचा एक सैल वेढा चालेल, पण काढल्यावर बोटांचा रंग बघा. त्या हाताला आवळल्याचं कदाचित जाणवणारच नाही. कधी फिट आली असेल तर चमकणाऱ्या खेळांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची गोळी चुकलेल्या दिवशी खेळ बंद. आणि खेळता खेळता तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एक बाजू अचानक लुळी पडली, तर ‘दमले असतील’ म्हणून झोपवू नका; 108 ला फोन. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आईचा ‘पोरखेळ’ मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. पण त्यांना एकदा एकटीला विचारा की त्या दोन तासांत त्या काय करतात. दिवसभर हाकेला ओ देणाऱ्या बाईला अण्णा खेळात असताना स्वयंपाकघर तरी शांतपणे मिळत असेल, किंवा उलट, ‘चेंडू गेला’ म्हणून दहा वेळा बाहेर यावं लागत असेल. त्यांना पहारेकरी करू नका. त्याऐवजी एक उभा आरसा टीव्हीच्या शेजारी ठेवा, कपाटाच्या दाराचा असला तरी चालेल. खांदा वर गेलेला अण्णांना स्वतःला दिसला की कुणी टोकायला नको.

भावावर रागावू नका. लांब राहणाऱ्याला काहीतरी पाठवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पाठवलेल्या वस्तूनं काम केलंय असं त्याला वाटायला हवं असतं. त्याला एक खरं काम द्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांची परीक्षा घ्यायची. टेबलावर अर्धं भरलेलं फुलपात्र, डाव्या हातानं उचलून ओठांना लावायचं आणि परत ठेवायचं. किती सेकंद लागले, किती सांडलं. मग सदऱ्याची दोन बटणं, दोन्ही हातांनी. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचे. बोलिंगचा स्कोअर त्या चौकोनात लिहायचा नाही.

‘हात परत यायला हवा’ असं तुम्ही लिहिलंय. परत म्हणजे कुठपर्यंत, हे अण्णांशी बोलून ठरवा. सर्वात वेगानं सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, ते दिवस गेले. दार बंद झालं असं अजिबात नाही, पण इथून पुढे हात त्यालाच उत्तर देतो ज्याचा सराव होतो. भाकरी डाव्या हातानं दाबून धरायची आणि उजव्यानं तुकडा मोडायचा. पेपर दोन्ही हातांत धरून वाचायचा. अशी दोन-तीन कामं त्यांनीच निवडू द्या. पंधरा मिनिटं खेळ झाला की लगेच त्यातलं एक काम, हात गरम असतानाच. माझ्या क्लिनिकमधले ते सर याच रस्त्यानं तीन महिन्यांनी कपापर्यंत पोचले. तेव्हा त्यांचा स्कोअर 120 च्या आसपास उतरला होता, कारण धड खुर्चीला टेकवून खेळायचं ठरवलं होतं.

ज्यांच्या घरी कॅनडाचा भाऊ नाही त्यांनी हे वाचून यंत्र शोधायला निघू नका. वी केव्हाच बनायचा बंद झाला, कॅमेऱ्यानं अख्खं शरीर टिपणारा मायक्रोसॉफ्टचा काइनेक्टही 2017 मध्ये थांबला. जुन्या बाजारात मिळतात, पण पत्त्यांनी तेवढंच काम केलं हे वर लिहिलंच आहे. कॅरमची सोंगटी डाव्या हातानं उचलून भोकातून काढणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, मटार सोलणं, लुडोचा फासा. मोजणारं आणि हरल्यावर चिडणारं कोणीतरी समोर हवं, बस. घरात मोशनचा कुठला तरी गेम आधीच असेल तर एवढं बघा: बसून खेळता येतो का, वेग कमी करता येतो का, आणि दुबळ्या हाताशिवाय जिंकता येतं का. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो गेम उपचार म्हणून बाद. पार्किन्सनच्या रुग्णांना, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांनाही असे खेळ देतात आणि ती रमतात; तिथंही नियम हाच, पडद्याकडे एकानं बघायचं आणि शरीराकडे दुसऱ्यानं. तोल सांभाळायच्या पाटावर, म्हणजे वीच्याच बॅलन्स बोर्डवर, पडण्याची भीती असलेल्या माणसाला एकटं कधीच उभं करू नका.

एक शेवटचं, खास अण्णांसाठी. भावाला विचारा, त्याच्या मुलांकडे मारिओ कार्ट हा वीवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आहे का आणि त्याबरोबर येणारं पांढरं प्लास्टिकचं चाक आहे का. रिमोट त्या चाकात आडवा बसतो. चाक दोन्ही हातांनी धरून वळवायचं की गाडी वळते. वेग द्यायचं बटण उजव्या अंगठ्याखाली येतं, त्यामुळे डाव्या हाताला सुरुवातीला एकच काम: चाक सोडायचं नाही. चांगला हात दुबळ्या हाताला बरोबर घेऊन फिरतो.

पण न विचारता ते चाक त्यांच्या हातात देऊ नका. इतकी वर्षं खरं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला ते खेळणं कदाचित लागेल. आता आपण गाडी चालवणार नाही हे त्यांच्याशी कोणी बोललंय का, मला माहीत नाही. तुमच्या पत्रात नाही. ते आधी बोला. मग विचारा. बहुतेक चालक अशा चाकाला नावं ठेवतात, फार हलकं आहे म्हणतात, आणि तरी सोडत नाहीत. तेव्हा पडद्यावरची गाडी कितवी आली ते त्या मुलाला बघू द्या. तुम्ही डावा हात बघा, चाकावर घड्याळातल्या दहाच्या जागी आहे की घसरून मांडीवर आलाय.